कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सची नवी इमारत: बेळगावच्या एका बांधकाम समितीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र आणि सोबतचा नकाशा मिळाला. बेळगाव शहराच्या पश्चिमेला, जांभ्याच्या माळावर, आपल्या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स विभागासाठी चार मजल्यांची इमारत मंजूर झाली आहे, आणि बांधकाम समितीच्या पुढच्या बैठकीपूर्वी नकाशावर मत द्यायचे आहे, असे आपण लिहिले आहे. नकाशात तळमजल्यावर मोठे प्रवेशदालन आणि सभागृह आहे, मधल्या दोन मजल्यांवर प्रत्येकी ६० संगणकांच्या सहा प्रयोगशाळा आहेत, सर्वांत वरच्या मजल्यावर सर्व्हर रूम आहे आणि पश्चिमेकडची संपूर्ण बाजू काचेची आहे. हा नकाशा योग्य आहे का, आणि यंत्रखरेदीसाठी मिळालेली रक्कम यंदाच खर्च करावी का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

इमारतींतील वीज आणि वातानुकूलन यंत्रणेचे काम मी तीस वर्षे करत आलो आहे, आणि त्यांतील बरीचशी कामे याच सीमाभागातील महाविद्यालये, रुग्णालये आणि कारखान्यांची होती. त्या अनुभवावरून सांगतो, की पायाखोदाईला सुरुवात होण्याआधी हा नकाशा बदलून घ्यावा आणि यंत्रखरेदीचा मोठा भाग पुढे ढकलावा. दोन्ही उत्तरांमागचे कारण एकच आहे. आपली इमारत पन्नास वर्षे उभी राहील आणि तिच्यात बसणारे यंत्र जेमतेम पाच वर्षे टिकेल, म्हणून जे नंतर बदलता येणार नाही त्यावर आज पैसा आणि विचार खर्च झाला पाहिजे, आणि जे सहज बदलता येते त्याची घाई टाळली पाहिजे. आपल्या नकाशात नेमके उलटे झाले आहे.

यंत्रे किती वेगाने बदलतात याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. एनव्हिडिया कंपनीच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जड गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या जीपीयू चिपला २०१७ मध्ये ३०० वॉट वीज लागत असे. २०२० च्या पिढीला ४०० वॉट, २०२२ च्या पिढीला ७०० वॉट आणि २०२४ च्या पिढीला १,००० वॉट लागू लागली. अशा आठ चिप एकत्र बसवलेले २०२२ च्या पिढीचे एक सर्व्हर यंत्र पूर्ण भारावर सुमारे १०.२ किलोवॉट वीज घेते, आणि २०२४ नंतरच्या काही रॅक (अशी यंत्रे एकावर एक बसवण्याची लोखंडी कपाटे) तर एकेकट्या १२० किलोवॉटच्या आसपास गेल्या आहेत. आपली इमारत पूर्ण होईपर्यंत आणखी एखादी पिढी आलेली असेल. म्हणून आज बाजारात मिळणाऱ्या यंत्राच्या मापाने खोली बांधली, तर उद्घाटनाच्या दिवशीच ती अपुरी ठरण्याची शक्यता आहे.

आता विजेचा हिशेब मांडू. अशी चार यंत्रे घेतली तर त्यांची गरज सुमारे ४१ किलोवॉट होते. यंत्रात शिरलेली वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यामुळे तेवढी उष्णता खोलीतून काढून टाकावी लागते. वातानुकूलनाचा एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट, या हिशेबाने केवळ चार यंत्रांसाठी जवळपास १२ टनांची व्यवस्था लागेल, आणि एक संच बंद पडला तरी काम चालावे म्हणून तेवढाच राखीव संच लागेल. ही यंत्रे वर्षभर पूर्ण भारावर चालली आणि थंडावा व इतर गळतीसाठी निम्मी वीज वर धरली, तर वर्षाला सव्वापाच लाखांहून अधिक युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तर वार्षिक बिल ४२ लाखांच्या पुढे जाते. वापर साठ टक्के असला तरी २५ लाख कुठे गेले नाहीत. ही रक्कम दरवर्षी कोणत्या खर्चशीर्षाखाली येणार, हे मंजुरीच्या कागदात मला दिसले नाही, आणि समितीत हा प्रश्न आपणच उपस्थित करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा प्रस्ताव चांगला आहे आणि तो सोडू नये, परंतु १०० किलोवॉटच्या संचाला सुमारे हजार चौरस मीटर गच्ची लागते आणि त्यातून वर्षाला अंदाजे १.४ लाख युनिट मिळतात, म्हणजे वर सांगितलेल्या गरजेचा चौथा हिस्सा. सौरऊर्जेवर सर्व्हर रूम चालेल, असे कोणी समितीत सांगितले तर हा हिशेब पुढे ठेवावा.

वीजजोडणीच्या बाबतीत सुरुवातीपासून उच्च दाबाची जोडणी, इमारतीबाहेर स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, आणि भविष्यातील दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरसाठी रिकामा चौथरा मागून घ्यावा. दुसरा ट्रान्सफॉर्मर आज घेण्याची गरज नाही. त्याची जागा, केबलचा चर आणि भिंतीतून आत येण्याची वाट मात्र आजच ठेवावी लागते. नंतर फरशी फोडून केबल टाकण्याचा खर्च मूळ खर्चाच्या कितीतरी पट होतो, हे मी वारंवार पाहिले आहे. यूपीएसची बॅटरी तासभराची घेण्याचा मोह टाळावा. जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंतचा काळ आणि वर थोडी सवड, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटे, एवढी पुरेशी असते. त्याऐवजी एक गोष्ट हमखास विसरली जाते ती करावी: थंडाव्याचे पंखे आणि पाण्याचे पंपही यूपीएसवर घ्यावेत. चाळीस किलोवॉट उष्णता टाकणारी खोली थंडावा बंद होताच काही मिनिटांत इतकी तापते, की यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात, आणि मग बॅटरी भरलेली असून तिचा काही उपयोग राहत नाही.

आता जागेकडे वळतो, कारण माझी सर्वांत तीव्र हरकत सर्व्हर रूम वरच्या मजल्यावर ठेवण्याला आहे. वर्गखोलीचा मजला भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भारासाठी रचतात. वर उल्लेखिलेले एक यंत्र सुमारे १३० किलोचे असते. अशी चार यंत्रे, लोखंडी रॅक आणि तारा-पट्ट्या मिळून वजन साडेसातशे किलोंच्या घरात जाते, आणि ते साधारण ०.७ चौरस मीटर जागेवर उभे राहते. बॅटऱ्यांची रांग त्याहूनही जड असू शकते. स्लॅब हा भार आजूबाजूला वाटून घेतो हे खरे, परंतु तो वाटून घेईल याची गणना संरचना अभियंत्याने आधी केलेली असावी लागते, आणि त्याला तो आकडा सांगण्याचे काम आपल्या समितीचे आहे. तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवर, हा प्रश्नच उरत नाही. बेळगाव भूकंपाच्या मानकातील २०१६ च्या आवृत्तीनुसार तिसऱ्या विभागात येते आणि १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना अजून आहे, तेव्हा जड रॅक जितक्या खाली आणि जितक्या पक्क्या बोल्टने बांधलेल्या असतील तितके बरे.

दुसरे कारण पावसाचे आहे. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, घाटमाथ्याजवळ आहे. जून ते सप्टेंबरात पश्चिमेकडून येणारा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा मारतो, आणि खानापूर, कणकुंबीकडे जावे तसा त्याचा जोर वाढत जातो. काही वर्षांपूर्वी सीमाभागातीलच एका महाविद्यालयात वरच्या मजल्यावरील सर्व्हर रूमच्या वीज-यंत्रणेचा आराखडा माझ्याकडे होता. गच्चीचे जलरोधन उत्तम झाले होते आणि गच्चीतून एक थेंब आला नाही. पाणी आले ते पश्चिमेच्या भिंतीत एसीच्या नळांसाठी पाडलेल्या छिद्रातून. ते छिद्र बाहेरून आत उतरते पाडले गेले होते; जुलैच्या एका रात्री पाणी त्यातून केबल ट्रेवर उतरले आणि ट्रेच्या उतारावरून थेट यूपीएसपर्यंत पोहोचले. त्या संस्थेचा संशोधनाचा जवळपास सगळा विदा, म्हणजे डेटा, त्या एकाच खोलीत होता. छिद्र पाडले त्या दिवशी मी जागेवर जायला हवे होते आणि गेलो नव्हतो, याची बोच मला आजही आहे. तेव्हापासून प्रत्येक छिद्र आतून बाहेर उतरते असावे, त्यावर पावसाळी झाप असावी, आणि पश्चिमेच्या भिंतीत शक्यतो छिद्रच नसावे, हे मी निविदेतच लिहितो.

म्हणून सर्व्हर रूम तळमजल्यावर, इमारतीच्या पूर्व किंवा उत्तर बाजूला घ्यावी. तिची फरशी आजूबाजूच्या जमिनीपासून किमान तीन फूट उंच असावी, आणि तिच्या डोक्यावर स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी येऊ नये. रॅक साधारण दोन मीटर उंच असते, ती उभीच आत नेता यावी यासाठी ट्रक लागण्याच्या जागेपासून आतपर्यंत पायरी नसलेला उतार आणि सव्वा मीटर रुंदीचे दरवाजे ठेवावेत. मजल्याची उंची नेहमीपेक्षा जास्त, सव्वाचार मीटरच्या आसपास असावी. पुढच्या पिढीची यंत्रे हवेऐवजी थेट द्रवाने थंड होतील, त्यासाठी भिंतीत नळ आरपार नेण्याच्या बाह्या (स्लीव्ह) आणि फरशीत निचरा आजच ठेवावा. याला बांधकामाच्या वेळी खर्च अत्यल्प येतो. प्रवेशदालन त्यामुळे लहान होईल. मला ते चालण्यासारखे वाटते.

माती आणि अर्थिंग यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या जिल्ह्यात हा विषय गावागणिक बदलतो आणि बाहेरून आलेल्या सल्लागारांना तो बहुधा ठाऊक नसतो. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर पायाची पद्धतच वेगळी लागते. आपल्या माळावर जांभा आहे. जांभ्याचा वरचा थर कुदळ उडेल इतका कठीण लागतो, त्यामुळे पाया पक्का मिळाला असे समजून लोक थांबतात. परंतु त्या कठीण थराखाली अनेकदा मऊ, पांढुरकी-जांभळी चिकणमाती असते आणि मध्ये पोकळ्याही सापडतात. म्हणून मातीपरीक्षणाची छिद्रे कठीण थर लागला म्हणून थांबवू नयेत, ती त्याच्या पार खाली न्यावीत.

त्याच जांभ्याचा दुसरा गुण असा, की त्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात अर्थिंगची मोजणी केली तर आकडा छान येतो, आणि एप्रिल-मेमध्ये तीच माती कोरडी पडून तिचा रोध अनेक पटींनी वाढतो. दुर्दैवाने आपल्याकडे विजांचा काळही तोच असतो. वळवाचा पाऊस येतो तेव्हा जमीन सर्वांत कोरडी असते आणि आकाशात विजा सर्वाधिक असतात. माळावरच्या एकट्या चार मजली इमारतीवर वीज पडण्याचा धोका शहरातल्या दाटीपेक्षा जास्त. त्यामुळे अर्थिंगचे काम ताब्यात घेण्याआधीची चाचणी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात घेतली जाईल, अशी अट कंत्राटात स्पष्ट घालावी. अर्थ पिट (अर्थिंगचे खड्डे) एकमेकांपासून पुरेशा अंतरावर, रसायन भरलेले आणि आपसांत पट्टीने जोडलेले असावेत. गच्चीवरचा तडितरक्षक, ट्रान्सफॉर्मर आणि सर्व्हर रूम यांची अर्थिंग वेगवेगळी ठेवण्याची जुनी सवय सोडून शेवटी ती एका जाळ्यात बांधावीत, नाहीतर वीज पडल्यावर त्यांच्यातील दाबाचा फरक यंत्रातूनच वाट काढतो. प्रत्येक मुख्य पेटीत सर्ज संरक्षक, म्हणजे विजेच्या दाबाचा अचानक आलेला झटका अडवणारे उपकरण, हवे. बाहेरून येणारी नेटवर्कची तार तांब्याची मुळीच नको. ती ऑप्टिकल फायबरचीच असावी, आणि तिच्या आतील लोखंडी दोरीचेही अर्थिंग करावे.

हवामानाच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत, आणि नकाशाने त्याचा काहीच फायदा घेतलेला नाही. यंत्रांत शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, अशी या क्षेत्रातील मान्य शिफारस आहे. सर्व्हर रूम १६ अंशांवर ठेवून आतल्या माणसाला स्वेटर घालायला लावण्याची आवश्यकता नाही. २५ अंश पुरतात. बेळगावात हिवाळ्यात रात्री आणि सकाळी, आणि वर्षाच्या इतरही बऱ्याचशा रात्री, बाहेरची हवा त्याहून थंड असते. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरच्या थंडीवर पाणी गार करून फिरवता येते आणि विजेच्या बिलात मोठी बचत होते. हे बाहेरची हवा थेट खोलीत घेऊन करू नये, कारण पावसाळ्यात आपल्याकडे दिवसचे दिवस धुके आणि दमट हवा असते आणि उन्हाळ्यात माळावरची तांबडी धूळ उडते. बंद नळ्यांतून फिरणारे पाणी आणि बाहेर ठेवलेला कोरडा शीतक हाच मार्ग धरावा. पाणी उडवून थंड करणारे कूलिंग टॉवर मी सुचवणार नाही. उन्हाळ्यात राकसकोप आणि हिडकल या जलाशयांची पातळी खाली गेली की शहरात पाण्याची काय स्थिती होते, ते आपण जाणताच. खोलीत रॅक समोरासमोर ठेवून यंत्रांची गरम हवा बाहेर पडते ती गरम गल्ली आणि त्यांत थंड हवा शिरते ती थंड गल्ली वेगळी करावी, आणि गरम गल्ली दरवाजे लावून बंद करावी; एवढ्या साध्या गोष्टीनेही थंडावा वाया जाणे बरेच कमी होते.

पश्चिमेच्या काचेविषयी फार लिहीत नाही. दुपारी तीननंतर त्या बाजूच्या प्रयोगशाळांत पडद्यावरचे काही दिसणार नाही, पडदे कायमचे ओढले जातील, आणि पावसाळ्यात प्रत्येक सांध्यातून पाणी शिरेल. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत भिंतीच्या क्षेत्रफळात काचेचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. त्या बाजूला जिने, स्वच्छतागृहे आणि खोल व्हरांडा घ्यावा, आणि खिडक्या उत्तरेला काढाव्यात. जांभ्याच्या जाड भिंतींची घरे खानापूर भागात उन्हाळ्यात किती थंड असतात, हे वास्तुविशारदांना एकदा प्रत्यक्ष दाखवावे.

आतापर्यंतचे सारे यंत्रांविषयी झाले. परंतु आपल्या विभागाच्या नावात दुसरा शब्द डेटा आहे, आणि नकाशात त्यासाठी एकही खोली नाही. मला या गोष्टीची अधिक काळजी वाटते, कारण यंत्रे पैसे टाकले की कुठेही मिळतात, आणि आपल्या परिसराचा विदा आपल्यावाचून दुसरे कोणी गोळा करणार नाही.

सीमाभागातली मराठी हेच उदाहरण घ्या. आपल्याकडे ‘काय करायलास?’, ‘मी जायलोय’ असे सहज म्हणतात. कित्येक घरांतल्या बायका स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे बोलतात. बाजारात एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड येतात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वेगळे केले असे वाटतही नाही. पुण्या-मुंबईच्या आवाजांवर शिकवलेल्या वाणी-ओळख प्रणालीला हे बोलणे नीट कळत नाही, आणि क्रियापदावरून बोलणाऱ्याचे लिंग ठरवणारी भाषांतर प्रणाली तर हमखास चुकते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठी भाषिणी हा उपक्रम सुरू केला, मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारतचा गट भारतीय भाषांवर मोलाचे काम करत आहे, आणि अशा सर्वांना विविध बोलींचे स्वच्छ, परवानगीने घेतलेले ध्वनिमुद्रण हवेच असते. निपाणीची विडी कामगार, चिकोडीचा ऊस उत्पादक, वडगावचा विणकर आपल्या भाषेत बोलून सरकारी सेवा वापरू शकेल की नाही, हे अशा मुद्रणावर अवलंबून आहे. त्यासाठी दोन लहान, जाड भिंतींच्या, जनरेटर आणि जिन्यापासून दूर असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या खोल्या हव्यात. त्या तळमजल्यावर असाव्यात, म्हणजे गावाकडून आलेल्या वृद्ध माणसाला मजले चढावे लागणार नाहीत. सभागृहाच्या मागची सामानाची खोली याच कामाला देता येईल.

दुसरी खोली जुन्या कागदांची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि त्याआधीच्या काळातील जमिनीचे, वतनांचे, देवस्थानांचे कितीतरी मोडी कागद या भागातल्या घरांत आणि मठांत आहेत. मोडी वाचू शकणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. ती असतानाच कागदाची प्रतिमा आणि त्यांनी केलेले वाचन अशी जोडी मोठ्या संख्येने तयार झाली, तर यंत्राला मोडी शिकवता येईल; ती माणसे गेल्यावर कितीही जीपीयू आणले तरी शिकवायला शिक्षक उरणार नाही. कन्नडमधील जुन्या नोंदींनाही हेच लागू आहे, आणि दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी एका वर्गात मिळणारी विद्यापीठे देशात फार नाहीत. उत्तरेच्या उजेडाची, ओलावा नियंत्रित ठेवलेली, वरून छायाचित्र घेणाऱ्या स्कॅनरची एक खोली यासाठी पुरे.

तिसरी जागा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील ओतकाम कारखान्यांशी संबंधित आहे. कास्टिंगमध्ये वायूमुळे पडलेली छिद्रे, वाळूचे चिकटलेले कण, अपुरा भरलेला कोपरा हे दोष आजही बहुतेक ठिकाणी अनुभवी डोळा शोधतो, आणि कॅमेरा व प्रतिमा-ओळख यांनी ते शोधण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. परंतु फाउंड्रीचा मालक पन्नास किलोचे कास्टिंग घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या गालिचा घातलेल्या प्रयोगशाळेत येणार नाही. टेम्पो दारापर्यंत येईल, थ्री-फेज वीज असेल, फरशीवर तेल सांडले तरी चालेल, अशी एक शेडवजा खोली तळमजल्याला लागून बांधावी. ऊसाच्या शेतावर उडवलेल्या ड्रोनची दुरुस्ती आणि सेन्सरची जुळणीही तिथेच होईल. या एका खोलीतून विभागाला जितके खरे प्रश्न मिळतील, तितके सहा प्रयोगशाळांतून मिळणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णालयांचा विदा घेणार असाल तर एक बंदिस्त खोली लागेल, जिच्यातील संगणकांना बाहेरचे इंटरनेट नाही आणि ज्यात काय आत आले व बाहेर गेले याची नोंद राहते. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोव्यातूनही रुग्ण येतात. त्यांची माहिती हाताळताना वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाळावाच लागेल, आणि ती जबाबदारी इमारतीच्या रचनेतूनही पाळली जाते.

विद्यार्थ्यांच्या सहा प्रयोगशाळांपैकी तीन कमी कराव्यात. ६० संगणक आणि ६० विद्यार्थी मिळून एका प्रयोगशाळेत १७-१८ किलोवॉट उष्णता होते, म्हणजे सुमारे पावणेदोन सर्व्हर यंत्रांएवढी, आणि तो सगळा एसीचा खर्च असतो. बहुतेक विद्यार्थ्यांकडे आता लॅपटॉप आहेत. त्यांना जड काम सर्व्हरवर दुरून चालवता येते. उरलेल्या जागेत बाकापाशी वीज, भक्कम वायफाय, फळा आणि चार-पाच जणांना बसून वाद घालता येईल अशी टेबले द्यावीत. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी उरलेल्या तीन प्रयोगशाळा रात्रीपर्यंत उघड्या ठेवाव्यात, कारण खानापूरच्या खेड्यातून बसने येणाऱ्या मुलीला घरी जाऊन सराव करण्याची सोय नसते. नेटवर्कची तांब्याची तार पेटीपासून खोलीतील सॉकेटपर्यंत ९० मीटरपेक्षा लांब चालत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर नेटवर्कची लहान खोली एकावर एक येईल अशी घ्यावी. बाहेरचे फायबर दोन वेगळ्या दिशांनी आत आणावे, म्हणजे रस्त्यावरच्या जेसीबीने एक तोडले तरी दुसरे चालू राहील.

आता यंत्रखरेदी. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली आणि त्यात १०,००० हून अधिक जीपीयू उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ही गणनशक्ती संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना सवलतीच्या दराने मिळण्याची सोय आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेत परम सिद्धी-एआय हा महासंगणक २०२० पासून आहे. मोठे प्रशिक्षण अशा ठिकाणी करावे. इमारतीत सुरुवातीला एक किंवा दोन यंत्रे घ्यावीत, कारण रॅक उघडून पाहिल्याशिवाय, जळालेला पंखा स्वतः बदलल्याशिवाय विद्यार्थ्याला या क्षेत्राची नस कळत नाही. शिवाय बाहेर पाठवता न येणारा विदा घरातच हाताळावा लागतो. उरलेली रक्कम राखून, पहिल्या दोन वर्षांतील वापराच्या नोंदी पाहून मग खर्च करावी. निधी मार्चअखेर परत जाईल ही भीती खरी आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणून यंदा ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, केबल, अर्थिंग आणि थंडाव्याचे नळ यांची खरेदी पुढे घ्यावी, कारण ही सामग्री पंचवीस वर्षे जुनी होत नाही. शीर्षबदलाची परवानगी लागली तर ती आताच मागावी.

आणि एक पद मंजूर करून घ्यावे: पूर्णवेळ सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, योग्य पगाराचे. कोटीभराचे यंत्र प्राध्यापकांच्या अतिरिक्त जबाबदारीवर सोपवले गेले आणि वर्षभरात ते बंद पडून राहिले, असे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. ज्या प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे आहे, त्याच्याकडून रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उठवण्याची अपेक्षा अन्यायाची आहे.

बैठकीत वास्तुविशारदांकडून चार कागद मागावेत: तळमजल्यावर सर्व्हर रूम घेतलेला सुधारित नकाशा, संरचना अभियंत्याने धरलेल्या भारांची यादी, वीज-यंत्रणेचा एकरेषीय आराखडा (सिंगल लाइन डायग्रॅम), आणि मातीपरीक्षणाच्या प्रत्येक छिद्राची खोलीनिहाय नोंद. शेवटचा कागद हाती आला की मला लगेच पाठवावा. छिद्रे कठीण थरावरच थांबवलेली असतील तर ती पावसाळा सुरू होण्याआधी पुन्हा घ्यावी लागतील, आणि त्यासाठी यंत्र माळावर न्यायला आता मोजकेच आठवडे उरले आहेत.